आमची वाटचाल : दात आणि मीटर

मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात तुरीची मळणी आटोपली की पोत्यांनी भरलेल्या ट्रॉल्या थेट आमच्या डाळमिलच्या फाटकाशी येऊन लागतात. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, २००३ साली हा धंदा सुरू केला तो अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या पीकेव्ही मिनी डाळ मिलवर. गावातल्या लोकांची घरची तूर भरडून द्यायची, एवढंच तेव्हा काम होतं. पुढे मोठा रोलर आला, वाळवणाचा ओटा झाला, स्वतःची खरेदी सुरू झाली. २०१५ मध्ये मामाजींची तब्येत खालावली आणि मिल माझ्याकडे आली. आज आम्ही चौदा जण आहोत. पण मला सांगायचंय ते २०१८ च्या हंगामाबद्दल, कारण त्या वर्षी मिल बंद पडता पडता राहिली.

त्या हंगामात मी एकाच महिन्यात दोन वस्तू आणल्या. ओलावा मोजायचं मीटर, आणि वापरलेलं पण चालू स्थितीतलं सॉर्टेक्स. या मशीनमध्ये डाळ वरून घसरत येते, कॅमेरा एकेक दाणा टिपतो आणि काळा, डागी दाणा हवेच्या झोताने बाजूला उडवतो. बाजारात सॉर्टेक्स केलेल्या डाळीला भाव होता आणि आमची हाताने निवडलेली डाळ मागे पडत चालली होती. मशीन घ्यायलाच हवं होतं, हे मी आजही म्हणते. पण ते ट्रकमधून उतरेपर्यंत मिलमधल्या एकालाही मी त्याबद्दल विचारलं नव्हतं.

मिस्त्रीकाका पहिल्या दिवसापासून आमच्याकडे आहेत. माल घेताना ते पोत्यात कोपरापर्यंत हात घालतात, तळातले चार दाणे काढतात आणि एकेक दाढेखाली धरतात. कट् आवाज झाला तर तूर कोरडी, दाणा नुसता दबला तर ओली. तेल लावून किती वेळ मुरवायची, किती उन्हं द्यायची, रोलरमधून तीन पास काढायचे की चार, हे सगळं ते त्या एका आवाजावर ठरवतात. मीटर आलं आणि टेबलाच्या खणातच पडून राहिलं. आठवड्याने पाहिलं तर त्यात सेलसुद्धा घातलेले नव्हते. मी सगळ्यांसमोर त्यांना बोलले. काकांनी हातातला पाना ओट्यावर ठेवला. "सूनबाई, आजवर दाणा मले सांगत होता. आता तुमी त्या डबीले इचारा," म्हणाले आणि सायकल काढून निघून गेले.

निवडणीच्या नऊ बाया तर काहीच बोलल्या नाहीत. रोज दोघी-तिघी येईनाशा झाल्या. कुणाकडे पाहुणे, कुणाची पाठ धरलेली. तिकडे काकांच्या जागी दुसऱ्याने रोलर चालवला, डाळ फुटली, चुरीचा ढीग वाढला आणि एक पूर्ण गाडी माल व्यापाऱ्याकडून परत आला. ती पोती उतरवून घेताना माझे हातपाय गळाले होते.

अमरावतीला एमबीए करताना मी एक प्रयोग शिकले होते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात पायजमे शिवण्याच्या कारखान्यात लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी तो केला आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. कामाची पद्धत बदलताना एका गटाला बदल नुसता सांगितला. त्या गटाचं काम घसरलं आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले. ज्या गटांतल्या सगळ्यांना बदल ठरवतानाच सामील करून घेतलं, त्यांतलं कुणीही गेलं नाही आणि त्यांचं काम पूर्वीपेक्षा वाढलं. परीक्षेत मी यावर पानभर लिहिलं होतं. त्या रात्री आठवलं ते वेगळंच : त्या कारखान्यातल्या बायांनाही नगावर मजुरी होती. माझ्या बायांना किलोवर.

दुसऱ्या दिवशी मी सूप घेऊन त्यांच्यातच निवडायला बसले. दुपारच्या डब्यापर्यंत कुणी विषय काढला नाही. मग एक मावशी म्हणाली, "मशीन निवडन तं आमी काय निवडाव, बाई? हप्त्याले काय भेटन आमाले?" मी व्याज मांडलं होतं, वीज मांडली होती, भावातला फरक मांडला होता. तिच्या हप्त्याचा हिशेब माझ्या कागदावर कुठेच नव्हता. दुसरी गोष्ट विजेची निघाली. आमच्याकडे दुपारी लाइट जायची, म्हणून मी सॉर्टेक्स संध्याकाळी चालवायचं ठरवलं होतं. रात्री नऊला त्या शेतवाटेने घरी कशा जातील, हे मला सुचलंही नव्हतं. आणि तिसरी गोष्ट सर्वांत कामाची. मशीनने फेकलेल्या मालात चांगली डाळही जाते, कारण हवेचा झोत डागी दाण्यासोबत शेजारचेही दाणे उडवतो. बायांनी ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

किलोवरची मजुरी बंद करून रोजी ठरवली. फेकलेला माल पुन्हा मशीनमधून काढायचा आणि शेवटी हाताने पाहायचा, हे काम बायांकडे आलं. दोघी मशीनची सेटिंग शिकल्या. उशीर झाला तर मिलचा ऑटो घरापर्यंत सोडतो. एक मावशी मात्र परत आल्याच नाहीत. मी तीनदा निरोप धाडला, स्वतः जाऊन आले. त्यांची जागा मला आजही रिकामी दिसते.

काकांच्या घरी मामाजी काठी टेकत माझ्यासोबत आले. मी माफी मागितली. चहा झाल्यावर काका म्हणाले, "मीटर खोटं नाई सूनबाई, पण तुमी मूठ घेता वरच्या पोत्यातली. चिभड वावरातली तूर खाली दबलेली रायते. वर बारा दाखवते, खाली चवदा निंगते." हमीभावाच्या खरेदीतही १२ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही, त्यामुळे हा फरक लहान नव्हता. तेव्हापासून प्रत्येक ट्रॉलीतून वर, मध्ये आणि तळाशी असे तीन नमुने घेतो. काकांच्या वहीत दोन रकाने आहेत : दात आणि मीटर. दोन्हींचं जुळलं नाही तर माल बाजूला ठेवून पुन्हा पाहायचा.

प्रत्येक विरोधापुढे माघार घ्यावी असं मात्र मी मानत नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद डाळीवर ५ टक्के जीएसटी लागला, तेव्हा आमचे दिवाणजी बिलं कॉम्प्युटरवर करायला तयार नव्हते. दोन महिने वही आणि कॉम्प्युटर दोन्ही सोबत चालवले, माझ्या मुलीने रोज तासभर त्यांच्याजवळ बसून शिकवलं. बिल पक्कंच निघेल, हे मात्र पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं.

आता ड्रायर घ्यायचा विचार चाललाय. ओट्यावर तेल लावलेली तूर पसरलेली असते आणि अवकाळी पाऊस येतो, मग सगळ्यांची ताडपत्र्या घेऊन धावपळ. या वेळी कोटेशन आधी मिलमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. बायांनी विचारलं, ओट्यावरच्या चौघींनी मग कुठे उभं राहायचं. काकांनी वहीच्या मागच्या पानावर तीन प्रश्न लिहून दिलेत, पहिलाच असा : गरम हवेने डाळ आतून तडकेल का? ते पान फोटो काढून मशीनवाल्यांना पाठवलंय. उत्तर आल्याशिवाय ॲडव्हान्स द्यायचा नाही, असं ठरलंय.