बहाव्याची फांदी

अक्षय्य तृतीया झाली की आमची गस्त सुरू होते. पावसाळ्याआधी अकरा केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची अख्खी लाइन खांबाखांबाने पायी बघायची. फांदी कुठे टेकलीय, तार कुठे लोंबतेय, तार खांबापासून अलग ठेवणारा पिन इन्सुलेटर कुठला गेलाय. माझ्याकडे देवरुखच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याची सात किलोमीटरची लाइन आहे. शंभरावर खांब. हुद्द्याचं नाव काहीही होवो, वाडीतले लोक मला वायरमनच म्हणतात.

वर्षातला हा एक आठवडा पगार फुकट घेतल्यासारखा वाटतो. लाइनीखालची झाडी आम्हीच दरवर्षी छाटतो, म्हणून तिथे ऊन पोचतं, आणि झुडपं-वेली तिथेच सगळ्यात जास्त फुलतात. कुडा पांढराशुभ्र, कुसरीचा वास दोन खांब आधीच येतो, उक्षीच्या जाळ्या वाळून खडखडायला लागलेल्या. एका ठिकाणी माझ्यासोबतच्या कंत्राटी पोराने पाय टाकता टाकता उचलला. खाली भुईचाफा होता. ना पान, ना खोड, थेट मातीतून वर आलेलं जांभळट-पांढरं फूल. तो म्हणाला, "दादा, हे कुणी टाकलं इथे?"

बहावा शेवटच्या वाडीच्या अलीकडे. चार दिवसांपूर्वीच त्याची एक फांदी माझ्या वहीत चढली होती: तारेच्या बाजूला झुकलेली, तोडायची. कोयती लावणार इतक्यात शेजारच्या घरातली आजी परडी घेऊन आली. परडीत कुड्याची फुलं, संध्याकाळच्या भाजीला. म्हणाली, "बाबा, फुललाय तोवर राहू दे की. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस. एवढ्यात कुठे येतोय?" पिवळे घोस हातभर लोंबत होते, त्यात काळे भुंगे घुमत होते. मी वहीत 'नंतर' लिहिलं.

त्या दिवशी दुपारी तीनला त्याच्या अलीकडच्या खांबावर एक पिन इन्सुलेटर काळवंडलेला दिसला. चिनी मातीचा इन्सुलेटर दिवसभर उन्हात तापतो, त्यावर वळवाचे थेंब पडले की तडकतो. मग करंट तड्यातून लोखंडी खांबात, खांबातून जमिनीत, आणि तिकडे सबस्टेशनला फिडर ट्रिप, म्हणजे अख्खी लाइन आपोआप बंद. दोन थेंब पडले की लाइट जाते म्हणून लोक आम्हाला शिव्या घालतात. थेंबच पुरतात, हे त्यांना कोण सांगणार?

सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन करून परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी घेतली, लाइन तोडणारा एबी स्विच उघडला, खांबाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड टाकून तारा अर्थ केल्या, म्हणजे जमिनीला जोडल्या. पट्टा बांधून वर चढलो. खालून झाडीत कळलं नव्हतं, वरून दिसलं. डोंगराच्या धारेवर काळं आभाळ, वरचा माथा ऐरणीसारखा पसरलेला. वारा पूर्वेकडून फिरला होता आणि एकदम गार झाला होता. भुंगे गप्प.

वीज चमकली. मोजायला लागलो. अठरापर्यंत आलो तेव्हा गडगडाट. तीन सेकंदांना एक किलोमीटर, म्हणजे सहा. एक इन्सुलेटर बदलायला मला वीस मिनिटं लागतात. पुढची चमक झाली तेव्हा बारालाच आवाज आला. जुना इन्सुलेटर नुसता सैल केला होता. तो परत आवळला आणि उतरलो. लाइन बंद आणि अर्थ केलेली असली तरी दूर कुठेतरी तारेवर पडलेली वीज तारेवरूनच चालत येते. पोरगा म्हणाला, "थोडंच राहिलं होतं ना?" मी काही बोललो नाही, त्याला आजीच्या घराकडे ढकललं.

पडवीत पोचलो आणि धूळ उठली. मग गारा, लिंबाएवढ्या नाही, पण बोरांएवढ्या नक्की. परसातल्या कलमाच्या कैऱ्या धपाधप पडत होत्या, आजी एकेक मोजल्यासारखी बघत होती. मग काडकन आवाज आला. वीज नव्हती ती. आम्हा तिघांनाही लगेच कळलं.

बहाव्याची तीच फांदी मधल्या तारेवर आडवी पडली होती. परमिट परत केलं नव्हतं म्हणून लाइन मेलेली होती, एवढंच.

पाऊस थांबेपर्यंत अंधार झाला. खालची वाडी, वरची वाडी, पिठाची गिरणी, सगळं बंद. पोरगा टॉर्च धरून, मी लाकडी शिडीवर. फांदी तोडून खाली ओढली, आधी सोडलेला इन्सुलेटरही बदलला. हाताला, पट्ट्याला, तारेला, सगळीकडे ओल्या पिवळ्या पाकळ्या चिकटल्या होत्या. आजी खाली उभी राहून कोकम सरबताचा तांब्या धरून होती. बहाव्याचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही.

सव्वादहाला रॉड काढले, स्विच लावला, फोन केला, परमिट परत. वाडीतून पोरांचा ओरडा आला, लाइट आली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत रजिस्टर भरलं. बिघाडाच्या कारणाचा रकाना लहान असतो. मी लिहिलं, 'वादळी वाऱ्याने झाडाची फांदी पडली.' वहीतलं 'नंतर' अजून तसंच आहे.