थिबा कुठल्या सज्ज्यातून बघत होता?

एम.ए.च्या शेवटच्या सत्राची तोंडी परीक्षा होऊन गेली, गुण भरले, फाइल कपाटात गेली. ती दुपार मात्र डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

रत्नागिरीत इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्याला अमिताव घोष टाळता येत नाही, आणि टाळूही नये. 2000 साली आलेल्या त्यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या कादंबरीच्या सात भागांतल्या दुसऱ्या भागाचं नावच ‘रत्नागिरी’ आहे. 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला राणी सुपायालातसह बोटीत बसवलं आणि पुढच्या वर्षी आमच्या गावात आणून ठेवलं. 1916 साली तो इथेच वारला. गावातल्या प्रत्येकाला एवढी गोष्ट पाठ असते. तरीही वर्षानुवर्षं आमची मुलं या कादंबरीवर लिहायला बसली की रत्नागिरी सोडून बाकी सगळ्यावर लिहितात. रबराचे मळे, सागवानाचा व्यापार, इंग्रजांच्या फौजेतला आणि पुढे आझाद हिंद सेनेकडे वळणारा अर्जुन, स्वतः परका असून मजूर पुरवून श्रीमंत झालेला, राजकुमार नावाचा नायक. ग्रंथालयातल्या समीक्षाग्रंथांचा ओघ तिकडे असतो, आणि मुलं त्या ओघाला लागतात.

त्या समीक्षेला मी कमी लेखत नाही. अंशुमन मोंडल यांचं 2007 चं पुस्तक मी दर वर्षी मुलांना वाचायला लावते. घोष मानववंशशास्त्राचे अभ्यासक आहेत, कागदपत्रं धुंडाळून लिहितात, आणि इतिहासाने ज्यांची दखल घेतली नाही त्यांच्याकडून कथा सांगतात, हे मुलांना अशा पुस्तकांमुळेच समजतं. माझा राग आहे तो त्या पुस्तकांतून चार शब्द उचलून प्रबंधिका, म्हणजे एम.ए.साठी लिहायचा छोटा प्रबंध, शिवण्यावर. संकरितता (म्हणजे संस्कृतींची सरमिसळ), विस्थापन, दुय्यमांचा (म्हणजे दबलेल्यांचा) आवाज. कादंबरी कुठलीही द्या, हेच शब्द तिला बसवून देतात.

बाहेरच्यांना कल्पना नसते, पण प्रबंधिका मागून वाचली जाते. परीक्षक आधी संदर्भसूची उघडतो, मग साम्यतेचा अहवाल (किती मजकूर दुसरीकडच्याशी जुळतो हे यंत्र सांगतं तो), मग निष्कर्ष, आणि वेळ उरला तर मधलं काहीतरी. या साम्यतेच्या अहवालाने आमचा जीव खाल्लाय. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळायची असते, हेही तिथेच लिहिलेलं आहे. पण वगळण्याचा पर्याय निवडायचे कष्ट कोण घेतो? मग जी मुलगी कादंबरीतले परिच्छेद प्रामाणिकपणे उतरवून त्यांच्यावर वाक्य-वाक्य बोलते तिचा आकडा फुगतो, आणि जो दुसऱ्याचा अख्खा विचार शब्द बदलून मांडतो तो सुखरूप सुटतो. मूळ विचार कुणाचा, हे यंत्राला कळत नाही. ते आम्हाला कळायला हवं, त्यासाठीच आम्हाला पगार आहे.

ज्या मुलीबद्दल लिहितेय ती रत्नागिरीलगतच्या भाट्याची. घरची होडी, आई मासे विकते. तिने विषय सांगितला तेव्हा मी म्हटलं, “अगं, थिबावर सगळेच बोलतात, तू वेगळं काय बोलणार?” ती म्हणाली, “मॅडम, राजा दुर्बिणीतून समुद्र बघतो ना, तो समुद्र मला माहीत आहे.”

या एका वाक्यावर तिने पहिलं प्रकरण उभं केलं. राज्य गमावलेला राजा दुर्बीण घेऊन समुद्राकडे, परतणाऱ्या होड्यांकडे बघत बसतो, हे चित्र कादंबरी वाचणारा कुणी विसरत नाही. सत्ता गेलेल्या माणसाची नजर, एवढा त्याचा अर्थ लावून वाचणारे पुढे सरकतात. तिने विचारलं, पावसाळ्यात काय? आगोटीला होड्या वर ओढल्या, झापांनी शाकारल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र मोकळा. ते दोन-अडीच महिने राजा काय बघत होता? बघण्यासाठी ज्याला दुसऱ्यांचं काम लागतं, त्याची नजर ऋतूवर आणि कोळ्यांवर अवलंबून असते, असं तिचं म्हणणं. राजा किनाऱ्यावर पहारा ठेवून नाही. किनाऱ्याने त्याला दिवस घालवायला काहीतरी दिलंय. मी ते पान वाचलं तेव्हा उठून खिडकीपाशी गेले. इतकी वर्षं ही कादंबरी शिकवतेय, हे मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

दुसरं प्रकरण बंदराचं, ते सामान्य होतं. तिसरं सावंतचं. कादंबरीत थोरल्या राजकन्येला ज्याच्यापासून दिवस जातात तो कोचमन. प्रत्यक्षातला गोपाळ सावंत राजाच्या दारावरचा नोकर होता, आणि राजकन्येची मुलगी टुटू रत्नागिरीतच म्हातारी झाली. जुन्या लोकांनी तिला पाहिलंय. माझ्या विद्यार्थिनीचा मुद्दा साधा होता. ‘रत्नागिरी’ नावाच्या भागात रत्नागिरीच्या माणसांपैकी ठसठशीत असा हा एकच, आणि तोही आपल्याला दिसतो राजकन्यांची दासी डॉली हिच्या डोळ्यांतून नाहीतर कलेक्टरच्या संतापातून. पुढे कादंबरी ब्रह्मदेशात, मलायात जाते, सावंत मागे राहतो. दुय्यमांचा आवाज शोधणाऱ्यांनी याच्याकडे का पाहिलं नाही?

बाहेरचे परीक्षक आले, चहा झाला, सह्या झाल्या. त्यांनी मागून पानं चाळली आणि पहिलंच विचारलं, “यात होमी भाभा कुठे आहेत?” (अणुशास्त्रज्ञ नव्हे, संकरिततेचा सिद्धांत मांडणारे समीक्षक.) मग तिला समजवायला लागले. थिबा पॅलेसच्या सज्ज्यात उभा असलेला राजा, खाली भाट्याची खाडी, वाड्याची ती भव्य वास्तू म्हणजे सोन्याचा पिंजरा, वगैरे. चांगलं बोलत होते. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “सर, तो वाडा 1910 साली झाला. कादंबरीतला रत्नागिरीचा भाग त्याच्या आधीच संपतो. डॉली लग्न करून निघून जाते तेव्हा ते सगळे आउटराम हाउसमध्ये राहत असतात. खरा थिबासुद्धा तोवर भाड्याच्या बंगल्यातच होता.”

आवाजात उद्धटपणा नव्हता. पान क्रमांकही सांगितला. परीक्षकांनी पान उघडलं, वाचलं, आणि म्हणाले, “हा स्थानिक इतिहास झाला. ही समीक्षा नव्हे.”

तिला बाहेर पाठवल्यावर आमचं बोलणं झालं ते सौम्य नव्हतं. मी म्हटलं, सर, कुठल्या सज्ज्यातून बघतोय हे चुकलं तर त्यावर रचलेलं सगळं रूपकच चुकतं. पिंजरा अजून बांधलेलाच नाही! इंग्रजांनी वीस वर्षं त्या माणसाला धड घरही दिलं नाही, वसाहतवादाबद्दल बोलायचं तर ते याच गोष्टीत आहे. ते म्हणाले, सिद्धांताची चौकट नाही, तर गुण कसे देऊ? त्याच सकाळी त्यांनी संकरिततेवरच्या एका गुळगुळीत प्रबंधिकेला भरपूर गुण दिले होते. तिच्यात मला एकही वाक्य असं दिसलं नव्हतं जे कादंबरी न वाचता लिहिता येणार नाही.

तरीही त्यांचा एक आक्षेप खरा आहे, आणि माझी झोप त्यानेच उडवलीय. ते म्हणाले, मंडालेपासून मलायापर्यंत आणि 1885 पासून पुढे शंभरेक वर्षं पसरलेल्या कादंबरीने एका कोचमनला किती जागा द्यायची, हे लेखक ठरवणार की सावंतच्या गावचे लोक? गावाचा हट्ट आणि वाचन यांतली रेघ तिच्या तिसऱ्या प्रकरणात पुसट आहे, हे मला मान्य आहे. पण मग हेही आठवतं की याच कादंबरीला 2001 साली कॉमनवेल्थ पारितोषिकाच्या स्पर्धेतून घोषांनी स्वतः मागे घेतलं होतं. त्या नावातल्या साम्राज्याच्या छायेला त्यांचा आक्षेप होता, आणि फक्त इंग्रजी पुस्तकांचाच विचार होतो यालाही. इंग्रजीबाहेर राहिलेल्यांची आठवण लेखक जगाला करून देतो, आणि त्याच्यावरच्या समीक्षेत भाट्याच्या मुलीने भाट्याचा समुद्र आणला तर तिला चौकट विचारायची? हे मला अजून पटलेलं नाही.

गुण मधलेच पडले. ती रडली नाही, मला वाटलं होतं रडेल. आता त्या प्रबंधिकेचा लेख करायचा चाललंय. मी म्हणते बंदर काढून टाक, सावंत आधी घे, आणि लेखकाने त्याला मागे का सोडलं असेल याचं उत्तर कादंबरीच्या रचनेतूनच दे. ती ऐकत नाही. आधी सावंत आला तर वाचणाऱ्याला तो राजकन्येचं प्रकरण म्हणूनच दिसेल, म्हणते. आधी समुद्र, मग बंदर, मग माणूस. बंदराचं प्रकरण ती नव्याने लिहून आणणार आहे. ते वाचल्याशिवाय मी माझा हट्ट सोडणार नाही, हे तिला सांगून ठेवलंय.