सोलापूर मानवेल का? मे महिन्यातली पाच दिवसांची राहून-बघण्याची फेरी

डिसेंबरातलं सोलापूर कुणालाही आवडतं. सकाळी गारवा, शेतावर हुरडा, बाजारात स्वस्त भाजी, आणि नळाला पाणी एक दिवस उशिरा आलं तरी फारसं अडत नाही. राहायला जायचं की नाही हे ठरवायला मात्र ते दिवस कुचकामी. म्हणून ही फेरी मेच्या दुसऱ्या आठवड्यात आखलेली, बुधवार ते रविवार. दुपारचा पारा ४१-४२ वर. देवदर्शन, किल्ला, चादरींची खरेदी हे सगळं रविवारवर ढकललं. आधीचे चार दिवस नेहमीच्या आठवड्यासारखे: लॅपटॉपवर काम, भाजी, धुणं, दवाखाना, संध्याकाळचा फेरफटका.

स्वभाव आणि शहर जुळवून देणाऱ्या प्रश्नावल्या ‘डोंगर आवडतो की समुद्र’ असं विचारतात. सोलापुरात दोन्ही नाहीत, म्हणजे पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते. त्यापेक्षा निघण्यापूर्वी आपले मागचे सात दिवस वहीत मांडावेत. रात्री नऊनंतर किती वेळा बाहेर पडलो? किती तास कुणाशीही न बोलता काढले, आणि ते हवेसे होते का? कामासाठी किती माणसांना प्रत्यक्ष भेटावं लागलं? दिवसाला पाणी किती बादल्या? कोणकोणत्या भाषेत आपल्याला भांडता येतं? या शेवटच्या प्रश्नाला हसू नये, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या पूर्व भागात तो कामाला येतो. वही सोबत न्यायची आणि रोज रात्री तेच रकाने सोलापुरात भरायचे.

मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी सोलापुरात उतरवते. पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस साधारण चार तासांत पोहोचते. २०२३ पासून मुंबई–सोलापूर वंदे भारतही आहे, साडेसहा तासांची. पुण्याहून मोटारीने इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळमार्गे २५० किलोमीटर. दर आठवड्याला आई-वडिलांकडे किंवा कार्यालयात पुण्याला जायचं असेल तर ही चाचणी येताना-जाताना दोन्ही बाजूंनी करावी, आणि परतीचं तिकीट रविवारी संध्याकाळचंच काढावं. त्या दिवशी गाडीत जी दाटी दिसते तीच पुढे दर आठवड्याला सोसायची असते. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून २०२५ मध्ये विमानसेवा पुन्हा सुरू झाली, पण तिच्या वेळापत्रकावर नोकरी बेतू नये.

मुक्काम एकाच ठिकाणी नको. दोन रात्री जुळे सोलापूर या नव्या वसाहतीत, दोन रात्री गावठाणात किंवा पूर्व भागाला लागून. शक्यतो लॉजवर न उतरता ओळखीच्या कुणाच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये किंवा दिवसाच्या भाड्याच्या घरात. लॉजची मोठी टाकी आणि त्यांचा टँकर तुमच्यापासून सोलापूर लपवून ठेवतात.

पाणी

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. शहराचं पाणी मुख्यतः भीमेवरच्या उजनी धरणातून येतं, आणि ते शंभर किलोमीटरच्या आसपास लांब आहे. जोडीला टाकळीहून उपसलेलं भीमेचं पाणी आणि एकरूखचा, म्हणजे हिप्परग्याचा, तलाव. बहुतेक भागांत नळ रोज येत नाही, पाळी असते. दोन दिवसांआड, तीन-चार दिवसांआड, आणि वेळ पहाटेची किंवा मध्यरात्रीचीही असू शकते. घर दाखवणारा माणूस ‘पाण्याचा प्रॉब्लेम नाही’ म्हणतो तेव्हा तो बहुधा बोअरबद्दल बोलत असतो. म्हणून प्रश्न दोन भागांत विचारायचा: नळाची पाळी किती दिवसांनी, आणि मागची पाळी कोणत्या तारखेला आली? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरमालकाकडून घेऊ नये. खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारावं, त्यांना तारीख, तास आणि धार किती होती हेही पाठ असतं.

मग हिशेब. माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं तर चौघांना ५४० लिटर. चार दिवसांचे २,१६०, आणि पाळी एक दिवस चुकली तर २,७००. उन्हाळ्यात डेझर्ट कूलर ताशी चार-पाच लिटर पाणी पितो. रोज दहा तास चालला तर पाच दिवसांत आणखी अडीचशे लिटर. म्हणजे घरटी तीन हजारांची साठवण हवी. बारा फ्लॅटच्या इमारतीला ३६,००० लिटर, म्हणजे ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल हौद. झाकण उघडून बघायला मागावं. हौद निम्मा निघाला तर उरलेलं टँकरवर येतं, आणि दहा हजार लिटरचा टँकर बारा घरांत वाटला की घरटी ८३३ लिटर, जेमतेम दीड दिवस.

गडबड कुठे होते? नळाचा दाब कमी असतो, त्यामुळे पाणी आधी जमिनीखालच्या हौदात उतरतं आणि मग मोटरीने वर चढतं. पाळी आली आणि वीज गेली तर हौद भरलेला, नळ कोरडे. बैठ्या घरात कॉक सोडायला माणूस लागतो. एकट्या राहणाऱ्या, सतत फिरतीवर असणाऱ्या माणसाने बंगल्याच्या मोहात पडू नये. वॉचमन असलेली इमारत घ्यावी, मग ती कितीही बेंगरूळ दिसो. नळाच्या लाईनला थेट मोटर लावणं बेकायदा आहे आणि शेजाऱ्यांशी वैर धरायचा तो सगळ्यात जवळचा रस्ता आहे.

बोअरचं पाणी जड असतं. साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉईलवर पांढरा थर चढतो, केस राठ होतात. खिशात टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, ठेवावा. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, २,००० ही पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली शेवटची मर्यादा, तीही दुसरा स्रोत नसेल तरच. स्वयंपाकघराला नळाची आणि संडास-धुण्याला बोअरची अशी वेगळी लाईन आहे का ते बघावं. दोन्ही एकाच टाकीत पडत असतील तर आठ-दहा वर्षांच्या इमारतीतल्या बाथरूमच्या टाइल्सच सांगतील.

ऊन आणि दिवसाची घडी

गुरुवारी दुपारी दोनला मुद्दाम सात रस्त्याहून नवी पेठेपर्यंत पायी जाऊन बघावं, टोपी आणि पाणी घेऊन. एक ते चार शहर मिटलेलं असतं. कामं सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते दहा या दोन पट्ट्यांत होतात. उशिरा उठणाऱ्याचा सकाळचा पट्टा जातो आणि मग बँक, दवाखाना, दुरुस्तीवाला सगळं रणरणत्या उन्हात येतं. पहाटे उठणाऱ्याला हे शहर अगदी हवं तसं. वर्षाचा पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. जूनमध्ये ढगांकडे बघून उल्हसित होणाऱ्या कोकणी किंवा घाटमाथ्याच्या माणसाला पहिली दोन वर्षं जड जातात, हे आधीच मान्य केलेलं बरं.

घर बघायची खरी वेळ रात्री दहा. पश्चिमेच्या भिंतीला हात लावावा. भिंत अजून गरम असेल तर ती खोली झोपायची नाही. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. स्वस्त भाड्याचं कारण बहुतेकदा हेच. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग द्यायची परवानगी लेखी घ्यावी. कूलर इथे चालतो कारण एप्रिल-मेची हवा कोरडी असते, पण समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते. नवखे लोक एसीसारखी खोली बंद करतात आणि तासाभरात अंग चिकट झालं म्हणून कूलरला शिव्या देतात. पावसाळी हवेत तो कामाचा नाही. बोअरचं पाणी घातलं तर जाळ्या क्षारांनी बुजतात, टाकी आठवड्याला रिकामी करावी.

आवाज आणि भाषा

शुक्रवार पूर्व भागासाठी. साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक या बाजूला तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेली पद्मशाली विणकर वस्ती आहे. घराला लागून माग, दुकानाच्या पाट्या तेलुगूतही. यंत्रमागाची खटखट सवयीची झाली की ऐकू येत नाही असं तिथले सांगतात, पण ती सवय व्हायला किती दिवस लागतील हे त्यांना विचारून उपयोग नाही. एक रात्र झोपून बघावं. आवाजाला हळवा माणूस, रात्रपाळी करून दिवसा झोपणारा, ध्वनिमुद्रणाचं काम करणारा, यांनी जुळे सोलापूर, सैफुल, विजापूर रोडकडे वळावं. तिथे माग नाहीत, पण गल्लीतून वरात जाणार नाही याची हमी कुणी देणार नाही.

मिरवणुका हा सोलापूरचा वार्षिक कालक्रम आहे. शिवजयंती, आंबेडकर जयंती, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, गणपती, नवरात्रातल्या देवीच्या मिरवणुका. घर मिरवणुकीच्या रस्त्यावर असेल तर त्या दिवशी मोटार बाहेर निघत नाही. मिरवणुकीत उतरणाऱ्याला मात्र वर्षाच्या आत शंभर ओळखी होतात. पुण्या-मुंबईतली निनावी गर्दी ज्याला विश्रांती वाटते त्याने इथे जपून पाऊल टाकावं, कारण इथली गर्दी ओळखीची असते. पंधरा दिवसांत किराणावाल्याला तुमचं गाव, आडनाव आणि किती माणसांचा स्वयंपाक होतो ते कळलेलं असतं.

मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच चौकात ऐकू येतात. ‘काय करलालास बे?’ मधला ‘बे’ ही शिवी नाही, बरोबरीच्या माणसाला लावलेली जवळीक आहे. वयाने मोठ्याला लावला तर मात्र तो अपमानच. दुकानदार, रिक्षावाले यांना ‘मालक’, ‘मामा’, ‘अण्णा’, मोठ्या बाईंना ‘अक्का’ म्हटलं की काम सोपं होतं. कामावर चढा आवाज म्हणजे भांडण नव्हे, हे पुणेकरांनी विशेष लक्षात ठेवावं.

काम, ये-जा, संध्याकाळ

रोजगाराबाबत गोड बोलण्यात अर्थ नाही. टॉवेल-चादरी, गणवेश आणि तयार कपडे, दवाखाने, शिक्षण, सरकारी नोकऱ्या, कांदा-डाळिंबाचा व्यापार, इतक्यांत बसणाऱ्याला इथे जागा आहे. संगणक क्षेत्रातल्या माणसाने नोकरी सोबत घेऊन यावी. घरून काम करणाऱ्याने दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायबर लाईन त्या इमारतीपर्यंत आल्यात का विचारावं, आणि दुपारी तीनचा व्हिडिओ कॉल त्याच खोलीत बसून करून बघावा. नेटसोबत खोलीचीही परीक्षा होते.

दवाखान्यांच्या बाबतीत शहर आपल्या आकारापेक्षा मोठं आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासूनचं, आणि धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरकडचे रुग्णही इथे येतात. म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन येणाऱ्यांनी हा रकाना जाड अक्षरात लिहावा.

शहरात कुठूनही कुठे दुचाकीवर वीस-पंचवीस मिनिटं. सिटी बसवर विसंबू नये. गाडी न चालवणाऱ्याने सात रस्ता, रेल्वे लाईन्स (हे वस्तीचं नाव), नवी पेठ यांच्या आसपासच घर बघावं, नाहीतर रोज शेअर रिक्षाची वाट बघणं आलं.

संध्याकाळी पार्क चौपाटी, सिद्धेश्वर तलाव, विजापूर रोडचा कंबर तलाव. नाटकं हुतात्मा स्मृती मंदिरात लागतात, पण दौऱ्याच्या तारखांप्रमाणे. महिन्याला चार प्रयोग बघणाऱ्याची उपासमार होते. एकट्याने राहणाऱ्याच्या जेवणाची सोय सोपी आहे: कडक भाकरी डब्यात बरेच दिवस टिकते, सोबत उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगा चटणी आणि दही.

रविवारी आजूबाजूला बघावं. अक्कलकोट ४० किलोमीटर, तुळजापूर आणि नळदुर्ग ४५ च्या आसपास, पंढरपूर सत्तरेक, बार्शी रस्त्यावर नान्नजचं माळढोक अभयारण्य वीस-बावीस. देवस्थानं, किल्ले, मोकळं माळरान ज्याला पुरतं त्याचे रविवार भरतात. ट्रेकवाल्याला सह्याद्री गाठायला दरवेळी अख्खी रात्र प्रवास.

वहीतले रकाने जुळले, निदान पाणी आणि आवाज हे दोन जुळले, तर दुसरी फेरी जानेवारीत संक्रांतीच्या आठवड्यात करावी. ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा तेव्हा असते: सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नसोहळ्याच्या अक्षता, होम मैदानावरचे पाळणे. शहर स्वतःच्या पुऱ्या आवाजात असतं ते याच दिवसांत. खोल्या महिनाभर आधी सांगून ठेवाव्यात. होम मैदानाजवळचं घर मनात भरलं असेल तर त्या आठवड्यात तिथे राहिल्याशिवाय अनामत रक्कम देऊ नये, आणि नळाच्या पाळीची तारीख तेव्हाही पुन्हा विचारावी.