जागरण वसूल करणाऱ्या कादंबऱ्या

शुक्रवार, मध्यरात्र उलटून गेलीय

दोस्तोयव्हस्कीच्या 'द इडियट'चा शेवट आज पुन्हा वाचला आणि झोप उडाली ती उडालीच.

रोगोझिन कादंबरीच्या नायकाला, मिश्किनला, आपल्या अंधाऱ्या घरात नेतो. पडद्याआड पलंगावर नस्तास्या, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या चादरीखाली. त्यानेच तिला मारलंय. आणि तो बोलतो काय? वास सुटू नये म्हणून मेणकापड घातलंय, वरून चादर, शिवाय जंतुनाशकाच्या चार बाटल्या बुचं काढून ठेवल्यात. सुरी खोल गेली, पण रक्त जेमतेम अर्धा चमचा आलं, याचंच त्याला नवल. कुठूनतरी एक माशी उठते, घोंगावत पलंगावरून जाते. नस्तास्यावर जीव टाकणारे हे दोघं तिथेच खाली अंथरूण करून रात्र काढतात. लोक आत येतात तेव्हा मिश्किन तापाने फणफणलेल्या रोगोझिनच्या केसांवरून, गालांवरून हात फिरवत असतो. खुन्याच्या!

प्रेमाबद्दल एक मोठं वाक्य नाही तिथे. मेणकापड, बाटल्या, माशी. पण अंगावर काटा येतो तो त्यानेच. नुसती वेदना ओरडून सांगणाऱ्या कादंबऱ्या मी पन्नास पानांत बाजूला ठेवते. टॉलस्टॉयची ॲना कॅरेनिना जीव द्यायला रुळांपाशी उभी असताना हातातली लाल पिशवी काढण्यात अडकते आणि पहिला डबा निघून जातो. त्या पिशवीपाशी मी दर वेळी थांबते. वाचेल का ही, असं वेड्यासारखं वाटत राहतं.

पण जीव खरा जडलाय तो 'वुदरिंग हाइट्स'वर. १८४७ साली एलिस बेल या टोपणनावाने आलेली एमिली ब्रॉन्टेची ही एकमेव कादंबरी. पुढच्याच वर्षी ती गेली, वय अवघं ३०. कॅथरिनला जाऊन कितीतरी वर्षं लोटल्यावर, तिच्या नवऱ्याची कबर खणली जात असताना तिच्यावर वेड्यासारखं प्रेम करणारा हीथक्लिफ तिच्या शवपेटीवरची माती काढायला लावतो आणि झाकण उघडून तिचा चेहरा बघतो. पेटीची एक बाजू सैल करतो. कबर खणणाऱ्याला पैसे चारून ठरवून ठेवतो की, मला हिच्या शेजारी पुराल तेव्हा मधल्या फळ्या काढायच्या. हे तो सांगतो घरातल्या जुन्या नोकर नेलीला. ती किंचाळत नाही. मेलेल्यांना त्रास देताना लाज नाही वाटली का, म्हणून त्याला फैलावर घेते! त्या झापण्यामुळेच मला ते सगळं घडलेलं वाटतं. कादंबरीची बरीचशी गोष्ट नेलीच्याच तोंडून येते; हीथक्लिफने स्वतः ती सांगितली असती तर मी दहा पानांतच दमले असते.

कॅथरिन साधारण मध्यावरच मरते. पुढचं पुस्तक रेंगाळतं असं म्हणणारे खूप भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. उरलेल्या अर्ध्या पुस्तकात एका माणसाचं, हीथक्लिफचं, दुःख पुढच्या पिढीवर उगवलेला सूड होत जातं. आणि शेवटी कॅथरिनच्या माहेरची आणि सासरची, दोन्ही घरं उद्ध्वस्त करण्याची ताकद हातात असताना, आता हात उचलावासाच वाटत नाही, असं तो नेलीला सांगतो. कुणी समजूत घातलेली नाही, पश्चात्तापही झालेला नाही. नुसता द्वेष आटून गेलाय. आयुष्यभर ज्यावर जगला तेच संपलं, मग तो जेवणसुद्धा विसरायला लागतो. ती पानं मी सावकाश वाचते, एकेक वाक्य.