अभ्यासकांनी गप्प बसायचं?

"प्राध्यापक लोकांनी आपापलं संशोधन करावं, राजकारणात कशाला नाक खुपसायचं" असं कुणीतरी आमच्या एका ग्रुपवर टाकलं आणि खाली धडाधड अंगठे पडले. मला आपल्या दुर्गाबाई भागवत आठवल्या. आता या बाई काही राजकारणी नव्हेत, लोकसाहित्य, बौद्ध वाङ्मय, आदिवासींच्या कथा, झाडंपानं, स्वयंपाक असले यांचे विषय. म्हणजे सरकारला त्रास व्हावा असं त्यात काय असणार?

पण १९७५ चं कराडचं साहित्य संमेलन बघा. आणीबाणी लागून पाचेक महिने झालेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले परराष्ट्रमंत्री आणि कराड तर त्यांचं होमग्राउंड. अशा ठिकाणी अध्यक्ष म्हणून उभं राहून दुर्गाबाई लेखनस्वातंत्र्यावर बोलल्या, वर इंदिरा गांधींच्या सरकारविरुद्धच्या आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण (जेपी) आजारी आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करूया म्हणाल्या. साधी प्रार्थना हो, त्यावर कोण काय हरकत घेणार! पण जेपींचं नाव त्या मांडवात घेणं म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येकाला कळलं असणार. पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली तीही कुठल्या मोर्चात नाही, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या लायब्ररीत. नेहमीच्या जागी वाचायला गेलेल्या बाईला पोलीस घेऊन गेले.

मला यातली गंमत अशी वाटते की या बाईंचा अभ्यास आणि ही भूमिका वेगळी नव्हतीच. आयुष्यभर ज्यांनी ज्यांचं कुणी लिहून ठेवलं नाही अशा लोकांच्या गोष्टी गोळा केल्या, त्यांना बोलण्यावर बंदी आलेली कशी चालेल? बरं, दुर्गाबाई हट्टी होत्या, त्यांची सगळीच मतं पटतात असंही नाही, पण पद्मश्री आणि ज्ञानपीठ नाकारलेल्या माणसाला 'मेवा खायला बोलतात' असं तरी कुणी म्हणू शकत नाही.

आणि हा योगायोग म्हणा, पण संमेलनाध्यक्ष झालेल्या मोजक्या बायकांमध्ये लोकसंस्कृतीच्या अभ्यासक तिघी आहेत: दुर्गाबाई, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. २०१९ ला यवतमाळच्या संमेलनात इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावून ऐनवेळी नको म्हटलं गेलं, बऱ्याच लेखकांनी पाठ फिरवली, आणि अध्यक्ष अरुणा ढेरे यांनी न जाण्यापेक्षा व्यासपीठावर जाऊन हे चुकलं असं सांगितलं. बहिष्कार बरा की हे बरं यावर लोक बरेच भांडले, माझं मत विचाराल तर दोन्ही हवं होतं. २०२५ ला दिल्लीला तारा भवाळकर अध्यक्ष, उद्घाटनाला पंतप्रधान, आणि सगळीकडे फिरला तो फोटो मोदींनी शरद पवारांना खुर्ची पुढे केल्याचा. बायकांच्या लोकसाहित्यावर इतकी वर्षं काम केलेल्या अध्यक्षांचं भाषण किती जणांनी पूर्ण ऐकलं देव जाणे.

मला आताशा वाटतं की प्रॉब्लेम अभ्यासक बोलत नाहीत हा नाहीच, बोलतात की, निवेदनं निघतात, शंभर सह्या असतात, पण सगळ्या निवेदनांची भाषा एकसारखी आणि सही करणाऱ्याचा स्वतःचा विषय त्यात कुठेच नाही. शेतीवाला शेतीच्या आकड्यांवरून बोलला, इतिहासवाला कागदपत्रं काढून बोलला तर समोरच्याला उत्तर द्यायला तरी घाम फुटेल. नुसतं 'आम्ही निषेध करतो' याला अंगठे मिळतात, तेवढेच.