स्नेक प्लांट चिवट आहे हो, पण ती लाल माती!

‘काही करावं लागत नाही, मॅडम, मरतच नाही’ असं म्हणत नर्सरीवाल्याने स्नेक प्लांट गळ्यात मारलं. झाड खरंच चिवट आहे. माझा राग आहे तो मुळांभोवतीच्या लाल मातीच्या गोळ्यावर.

मुंबईत बरीचशी रोपं या चिकट मातीत मिळतात. टेम्पोतून येताना गोळा फुटत नाही, म्हणजे विकणाऱ्याची सोय. पण हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, पानांत आणि गड्ड्यात (मातीखालच्या जाड खोडात) पाणी साठवणारं. जुलैत आपले कपडे वाळत नाहीत, तिथे हा गोळा काय वाळणार? वरून तडे गेलेले दिसतात, खराट्याची काडी खुपसली की चिखल माखून बाहेर येते. नर्सरीत विचारलं तर उत्तर तयार: ‘पाणी कमी घाला.’ अहो, घातलंय कुठे?

शेवटी उघडीप बघून गोळा बादलीत बुडवला. सकाळचा संध्याकाळपर्यंत भिजला, तरी गाभा दगडासारखा. बोटांनी उकरला, मग जुना टूथब्रश घेतला. (ते पाणी मोरीत ओतू नका, तुंबते. मी खाली सोसायटीच्या जास्वंदीला घातलं.) नारिंगी मुळं मोकळी झाली तेव्हा कळलं, गड्ड्याचं एक टोक मऊ पडून वास मारतंय. तेवढं सुरीने कापलं आणि जखम सुकेपर्यंत झाड पेपरवर आडवं ठेवलं. सासूबाई येता-जाता विचारायच्या, ‘गेलं का गं?’

नव्या कुंडीत थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बाकी पर्लाइट (पांढरे, हलके खडे), भरड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे. कुंडी मातीची, भोकाची, मुळांपेक्षा जराशीच मोठी. लगेच पाणी घातलं नाही. आता पावसाळ्यात जवळजवळ घालतच नाही, एरवी काडी कोरडी निघाली तरच. पानांच्या बेचक्यात मात्र पाणी साचू देत नाही.

हो, पिवळ्या कडेची जात असेल तर पानाचा तुकडा लावू नका, पिल्लं साधी हिरवी निघतात. गड्डाच वेगळा करा. घरात मांजर असेल तर कुंडी उंचावर. पान चावलं तर उलट्या होऊ शकतात. आणि हवा शुद्ध होते म्हणून जास्त पैसे देऊ नका. त्यासाठी दाखला देतात तो नासाचा 1989 चा अभ्यास बंद पेटीतला होता, आपल्या उघड्या खिडक्यांचा नव्हे.

घेताना कुंडी उचलून बघा. रोप एवढंसं आणि कुंडी जड लागली, तर माती बदलायची तयारी ठेवूनच पैसे द्या.