कावीत स्वतःची खूण कोरताना

दारावरच्या लादीवर आपली ओळख सांगणारं चित्र काढायचं म्हटलं की गोव्यात हात आधी माडाकडे जातो. मग वृंदावन, होडी, मासा. ही चिन्हं खोटी नाहीत, पण ती साऱ्या गोव्याची आहेत. पर्यटकांच्या टी-शर्टवरही तीच असतात. त्यात तुम्ही कुठे दिसता?

नवं चिन्ह शोधत बसू नका. सगळ्यांचं चिन्ह घ्या आणि त्यातली एकच जागा आपली करा. सालिगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचं 1955 सालचं ‘मिस्टर सेबॅस्टियन’ पाहा. बाणांनी विंधलेला संत सेबॅस्टियन चर्चला जाणाऱ्या कुणालाही ओळखू येतो. सूझांनी त्याला कोट-टाय चढवला आणि बाण चेहऱ्यात, मानेत रुतवले. सांत इस्तेव्हचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी येशूच्या आईला, मरियेला, साडी नेसवली. तेवढ्या एका बदलावर लोक बिथरले, यातच त्या बदलाचं बळ कळतं. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळापानांची माटोळीही अशीच: लाकडी चौकट घरोघरी सारखी, टांगलेली फळं मात्र कुळागर (सुपारी-नारळाची बाग) कुठलं, रान किती जवळ, यावर ठरतात.

म्हणून आधी कागदावर घरातल्या आणि कामातल्या वीस वस्तू लिहा. शेजाऱ्याच्या घरीही सापडतील त्या खोडा. चार-पाच उरतात. त्यांतली एक उचलून ओळखीच्या चिन्हात बसवा. घर खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीवर वाढलेलं असेल तर वृंदावनाच्या कोनाड्यात पणतीऐवजी मानशीचं, म्हणजे बांधातून खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणारं दार येईल. कुळागर असेल तर तुळशीच्या जागी सुपारीचा घोस. दोन बदल केलेत की कोडं होतं, एकच ठेवा.

हे कोरायला कावी बरी, म्हणजे चुन्याच्या गिलाव्यावरची गोवा-कोकणातली कोरीव कला. काव म्हणजे लाल माती. पांढऱ्या चुन्यावर लाल थर चढवायचा आणि तो खरवडून खालचं पांढरं उघडं करायचं. मोरजीच्या मोरजाई मंदिरात हे काम पाहता येतं. इथे रंग दोनच, छटा नाहीत, त्यामुळे तुमचा बदल बाह्यरेषेतच दिसायला हवा. काळ्या मार्करने आठ सेंटिमीटर उंचीचं चित्र काढून तीन मीटरवरून बघा. बदल कळला नाही तर तो भाग मोठा करा. तीन मिलिमीटरहून बारीक रेघ ठेवू नका, ती कोरताना तुटते.

एक फूट चौरस, झिलई नसलेली मातीची लादी रात्रभर पाण्यात भिजवा. कोरडी लादी गिलाव्यातलं पाणी ओढून घेते आणि थर सुटतो. जुने कारागीर शिंपले भाजून चुना करत, त्यात वाळू आणि गूळ घालून पंधरवडाभर आंबवत आणि मग कुटत. घरी विरवलेला चुना किमान दोन आठवडे पाण्याखाली ठेवा. हातमोजे आणि चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर इजा गंभीर असते.

पहिला थर पाच-सहा मिलिमीटर: एक भाग चुना, दोन भाग धुतलेली नदीची वाळू. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते, पण तिच्यातलं मीठ नंतर पांढरं फुलून लाल रंग खातं. थरावर ओरखडे ओढून तो एक दिवस ठेवा. मग चुना आणि संगमरवराची भुकटी समभाग घेऊन तीन मिलिमीटरचा पांढरा थर द्या. तो घट्ट झाला पण अजून ओलसर आहे, तेवढ्यात चुन्यात कालवलेली काव दीड मिलिमीटर चढवा. पांढरं वाळल्यावर लावलेली काव पापुद्र्यासारखी निघते. कावीऐवजी बाजारातला रंग घेणार असाल तर लोहाचा ऑक्साइडच घ्या, पुष्कळसे कृत्रिम रंग चुन्यात फिके पडतात. रंग चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको, नाहीतर हाताला लागत राहतो.

कोरायची वेळ अंगठ्याने ओळखा. ठसा उमटतो पण लाल बोटाला चिकटत नाही, गिलावा साबणाच्या वडीसारखा लागतो, तीच वेळ. आधी कोराल तर कडा फिसकटतात. उशीर झाला तर टवके उडतात. गोल कंपासने आखा, बाह्यरेषा टोकदार लोखंडी काट्याने कापा, मग आतलं लाल तिरक्या पात्याने खरवडा. आपला बदललेला भाग सर्वांत आधी कोरा, कारण शेवटी गिलावा कडक होतो आणि नेमकी तीच जागा बिघडते.

नंतर गुळगुळीत गोट्याने हलकं घोटा. आठवडाभर सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा, पण गोणपाट पृष्ठभागाला टेकू देऊ नका. एप्रिल-मेच्या उन्हात ठेवलीत तर केसासारखे तडे जातात, आणि ऐन पावसात चुना पकडायला आठवडे घेतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सोयीचे. दारावर लावताना पागोळ्या पडतील अशी भिंत टाळा.